फोर्ड घराण्याचे दोन टक्के आणि तुमच्या प्रश्नातली शेवटची ओळ

नमस्कार. तुमचा प्रश्न मला कळला तो असा. शिरोलीला आजोबांनी काढलेली फाउंड्री आहे, वडील आणि काका मिळून चालवतात, पुढच्या पिढीत तुम्ही पाच चुलत भावंडं. अमेरिकेतल्या फोर्ड घराण्याकडे फोर्ड मोटर कंपनीचे जेमतेम दोन टक्के शेअर उरलेत, तरी पाचव्या पिढीपर्यंत कंपनी त्यांचीच म्हणवते, हे तुमच्या वाचनात आलं. हे जमतं कसं आणि आपल्याला जमेल का, असं तुम्ही विचारता. मग शेवटी जाता जाता एक ओळ टाकता: 'तसं वडिलांनी मला दोन वर्षांपूर्वीच एमडी केलंय, पण चेकवर सही अजून त्यांचीच चालते.'

मी पुण्यात सीए आहे. गेली सत्तावीस वर्षं ऑडिटपेक्षा जास्त वेळ घरगुती कंपन्यांच्या वाटण्या, भागधारक करार आणि भावाभावांतले अबोले यांत गेला. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. गंमत म्हणजे फोर्ड घराण्याची खरी गोष्टही तिथेच आहे. पण दोन टक्क्यांबद्दल विचारलंत, तर ते आधी उरकतो.

फोर्डचे शेअर दोन प्रकारचे आहेत. साधे शेअर बाजारात कुणीही घ्यावेत. 'क्लास बी' शेअर मात्र फक्त हेन्री फोर्डच्या वंशजांकडे राहू शकतात. ते सुमारे सात कोटी आहेत आणि साधे शेअर जवळपास चारशे कोटी. कंपनीच्या घटनेतच लिहिलंय की क्लास बी वाल्यांना मिळून एकूण मतांपैकी ४० टक्के मतं, बाकी सगळ्या जगाला ६०. म्हणजे घरच्या एका शेअरला आज बाहेरच्या छत्तीस-सदतीस शेअरांइतकं वजन. घरातल्या कुणी आपला शेअर बाहेर विकला की तो त्या क्षणी साधा होतो, त्याचं वजन जातं. घराकडचा एकूण साठा सुमारे सहा कोटी सात लाखांच्या खाली गेला तर ४० चे ३० होतात, आणखी खाली गेला तर विशेष हक्कच संपतो. ही शेवटची अट मला सगळ्यात हुशारीची वाटते. एका भावाने विकायला काढलं की नुकसान सगळ्यांचं, त्यामुळे तो विकायच्या आधी बाकीचे त्याच्या दारात उभे राहतात.

ही व्यवस्था आली १९५६ साली, आणि तिच्या मुळाशी होता कर. १९३५ साली अमेरिकेने मोठ्या मालमत्तांवरचा वारसा कर वाढवला; पाच कोटी डॉलरच्या वरच्या भागावर ७० टक्के. हेन्री फोर्ड आणि त्याचा एकुलता एक मुलगा एडसेल यांच्यानंतर कर भरायला कंपनीच विकावी लागली असती. म्हणून १९३६ मध्ये फोर्ड फाउंडेशन काढलं. कंपनीच्या भांडवलाचे दोन तुकडे केले: ९५ टक्के मत नसलेले शेअर, ५ टक्के मत असलेले. मत नसलेल्यांतला फार मोठा भाग मृत्युपत्रांनी फाउंडेशनला गेला, मतवाले घरात राहिले. पैसा धर्माला, मत घराला. (याच फाउंडेशनचं दिल्लीत लोदी इस्टेटमध्ये कार्यालय आहे. १९५२ पासून ते भारतात आहेत, आणि आपल्याकडच्या कितीतरी संस्थांना त्यांचं अनुदान मिळालंय.)

पुढे फाउंडेशनला वाटलं की सगळी अंडी एका टोपलीत नकोत. शेअर बाजारात विकायचे, पण मत नसलेला शेअर बाहेर कोण घेणार? मग गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेच्या सिडनी वाइनबर्ग यांनी मध्यस्थी करून तोड काढली. घराने शंभर टक्के मतांऐवजी ४० टक्क्यांवर समाधान मानायचं आणि मोबदल्यात भांडवलातला वाटा थोडा वाढवून घ्यायचा. जानेवारी १९५६ मध्ये साडेचौसष्ट डॉलरला एक असे एक कोटी दोन लाख शेअर विकले गेले. तोवरची ती अमेरिकेतली सर्वांत मोठी विक्री होती. दोन टक्क्यांची कथा एवढीच.

आता खऱ्या गोष्टीकडे. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

१९०३ मध्ये कंपनी निघाली तेव्हा हेन्रीच्या बरोबरीने बरेच भागीदार होते. त्यात जेम्स कझन्स नावाचा एक माणूस हिशेब सांभाळायचा. अत्यंत तिरसट, आणि हेन्रीला तोंडावर 'नाही' म्हणणारा. १९१५ मध्ये त्याने राजीनामा दिला. डॉज बंधू सुटे भाग पुरवायचे आणि त्यांचा १० टक्के हिस्सा होता. हेन्रीने नफा न वाटता कारखान्यात घालायचं ठरवल्यावर ते कोर्टात गेले. १९१९ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने हेन्रीला एक कोटी त्र्याण्णव लाख डॉलरचा लाभांश वाटायला लावला. पण हा खटला चालू असतानाच हेन्री असा चिडला की आता भागीदारच नको, असं त्याने ठरवलं. त्यासाठी त्याने डाव टाकला. अध्यक्षपदाचा राजीनामा दिला, मुलाला खुर्चीवर बसवलं आणि कॅलिफोर्नियाला जाऊन जाहीर केलं की मी नवी कंपनी काढतोय, आणखी स्वस्त गाडी बनवणार. भागीदार घाबरले. हेन्रीच्या दलालांनी गुपचूप सगळ्यांचे शेअर उचलले, एकूण साडेदहा कोटी डॉलरच्या आसपास. कझन्सच्या बहिणीने १९०३ मध्ये शंभर डॉलर घातले होते, तिला अडीच लाखांहून जास्त मिळाले. नव्या कंपनीचं पुढे काहीच झालं नाही.

यात एडसेल कुठे आहे ते बघा. पंचविसाव्या वर्षी, १ जानेवारी १९१९ ला, तो फोर्ड मोटर कंपनीचा अध्यक्ष झाला. बापाच्या डावातली एक सोंगटी म्हणून. खरेदी संपल्यावर कंपनी पूर्णपणे घरची झाली: हेन्रीकडे सुमारे ५५ टक्के, एडसेलकडे ४१ च्या वर, आई क्लाराकडे ३. मुलाकडे ४१ टक्के आणि अध्यक्षाची खुर्ची. कागदावर आणखी काय हवं? त्यानंतर मरेपर्यंत चोवीस वर्षं तो अध्यक्ष होता, आणि त्या चोवीस वर्षांत बापाच्या मनाविरुद्ध त्याला फारसं काहीच करता आलं नाही.

सांगितली जाणारी एक हकीकत अशी. रूज नदीकाठच्या प्रचंड कारखान्यात एडसेलने कोकच्या नव्या भट्ट्या बांधायला सांगितलं. हेन्री काही बोलला नाही. भट्ट्या पूर्ण होऊ दिल्या, आणि मग त्याने त्या पाडून टाकायला लावल्या. तुम्ही भट्टीवाले आहात, भट्टी बांधून पाडणं म्हणजे काय हे मी सांगायला नको. हायड्रॉलिक ब्रेकचंही तेच. स्पर्धकांनी कधीच बसवले होते, एडसेल सांगून थकला, फोर्डच्या गाडीला ते आले १९३९ च्या मॉडेलपासून. मॉडेल टी बंद करा, हे तो कित्येक वर्षं म्हणत होता. शेवटी दीड कोटीवी गाडी निघाली तेव्हा बापलेक तिच्यात बसून कारखान्याबाहेर आले आणि तिचं उत्पादन थांबलं. तो दिवस २६ मे १९२७.

या तारखेचा योगायोग विलक्षण आहे. बरोबर दहा वर्षांनी, २६ मे १९३७ ला, रूजच्या पुलावर कंपनीच्या पहारेकऱ्यांनी वॉल्टर रॉयथर आणि इतर कामगार पुढाऱ्यांना फोटोग्राफरांसमोर मारलं. ते पहारेकरी हॅरी बेनेटचे. हा माजी मुष्टियोद्धा हेन्रीचा उजवा हात झाला होता, आणि मुलापेक्षा हेन्रीचा त्याच्यावर जास्त विश्वास होता. आणि २६ मे १९४३ ला एडसेल पोटाच्या कर्करोगाने गेला. वय ४९.

मुलगी मिशिगनला असते, तिच्याकडे गेलो तेव्हा मी एडसेलचं घर बघून आलो. बापाच्या डिअरबॉर्नच्या वाड्यापासून चांगलं दूर, शहराच्या पार दुसऱ्या बाजूला, सेंट क्लेअर तळ्याच्या काठी. इंग्लंडमधल्या खेड्यातल्या घरांसारखं दगडी छप्पर. डेट्रॉइटच्या कला संग्रहालयात मेक्सिकोचा चित्रकार डिएगो रिव्हेरा याने रंगवलेल्या कारखान्याच्या भिंती आहेत, त्यांचा खर्च एडसेलने दिला. दक्षिणेकडच्या भिंतीवर अगदी खाली उजव्या कोपऱ्यात तो स्वतः आहे, कोट-टाय घातलेला. वर सगळी भिंतभर यंत्रं आणि घामाघूम माणसं. मी बराच वेळ त्या कोपऱ्यापाशी उभा होतो. असे कोपऱ्यातले एमडी मी आपल्याकडे खूप पाहिलेत.

एडसेल गेल्यावर एकोणऐंशी वर्षांचा हेन्री पुन्हा अध्यक्ष झाला. त्याची स्मृती साथ देत नव्हती, कारभार बेनेटच्या हातात. महायुद्ध चालू होतं आणि फोर्डच्या कारखान्यात बॉम्बर विमानं बनत होती. सरकारने एडसेलचा मोठा मुलगा हेन्री दुसरा याला नौदलातून मोकळं करून घरी पाठवलं. कंपनीत मात्र त्याला कुणी विचारेना.

आणि इथे ते ४१ टक्के कामाला आले. एडसेलचे मतवाले शेअर त्याची बायको एलेनॉर आणि मुलांकडे आले होते. एलेनॉरने सासऱ्याला कळवलं, असं सर्वत्र नोंदलेलं आहे: माझ्या मुलाला अध्यक्ष करा, नाहीतर मी माझे शेअर विकते. सासू क्लारा सुनेच्या बाजूने उभी राहिली. ज्या शेअरांच्या बळावर एडसेलला चोवीस वर्षांत एकदाही 'नाही' म्हणता आलं नाही, त्याच शेअरांवर त्याच्या बायकोने दोन वर्षांत म्हातारा वाकवला. २१ सप्टेंबर १९४५ ला हेन्री दुसरा अध्यक्ष झाला. वय २८. त्याने पहिलं काम केलं ते बेनेटला काढण्याचं. म्हाताऱ्याच्या मृत्युपत्राला एक पुरवणी जोडलेली होती, त्याच्यानंतर दहा वर्षं कंपनी विश्वस्तांकडे ठेवायची आणि तिथे बेनेटची वर्णी लावायची, अशी. बेनेटने ती जाळली आणि राख पाकिटात घालून हेन्री दुसऱ्याकडे धाडली, असं सांगतात.

नव्या अध्यक्षाला काय सापडलं? दरमहा सुमारे एक कोटी डॉलरचा तोटा आणि देणी किती हे कुणालाच माहीत नाही. एका खात्यात म्हणे बिलांचे गठ्ठे तराजूवर तोलून देण्यांचा अंदाज काढत. सीए माणसाला ही गोष्ट भुताच्या गोष्टीसारखी वाटते. पण हसू नका. आपल्याकडे एका घरात मी पुरवठादारांची बिलं साखरेच्या पोत्यात भरलेली पाहिलीत, आणि कंपनीची उलाढाल चाळीस कोटींची होती.

हेन्री दुसऱ्याने जे केलं ते पुढच्या चार पिढ्यांपैकी मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याला आपल्याला काय येत नाही ते कळत होतं. त्याने बेंडिक्स कंपनीतून अर्नेस्ट ब्रीच हा मुरलेला माणूस आणला आणि हवाई दलातून सुटलेल्या दहा तरुण अधिकाऱ्यांची अख्खी टोळी एकगठ्ठा नोकरीला घेतली; त्यातलाच एक रॉबर्ट मॅक्नामारा, पुढे अमेरिकेचा संरक्षणमंत्री झालेला. म्हणजे कझन्स गेल्यानंतर तीस वर्षांनी घरात पुन्हा हिशेबावर बोट ठेवून 'नाही' म्हणणारी माणसं आली. पुढे हा हेन्रीही आजोबांसारखाच हट्टी झाला, १९७८ मध्ये त्याने कंपनीचा प्रेसिडेंट ली आयकोका याला काढलं त्याची चर्चा जगभर झाली. पण जाताना त्याने एक केलं. खुर्ची मुलाला किंवा भावाला न देता बाहेरच्या माणसाला दिली. १९८० नंतर जवळजवळ एकोणीस वर्षं अध्यक्षाच्या जागी फोर्ड आडनावाचं कुणी नव्हतं. तरी मतं ४० टक्केच होती, घराचीच.

चौथ्या पिढीतला बिल फोर्ड १९९९ मध्ये चेअरमन झाला. हा आईकडून हार्वे फायरस्टोनचा पणतू, म्हणजे गाडी आणि टायर दोन्हीकडून वारसा. २००१ पासून त्याने सीईओपदही घेतलं, आणि पाच वर्षांनी स्वतःच कबूल केलं की हे आपल्याच्याने होत नाही. २००६ मध्ये बोइंगमधून अॅलन मुलाली आले. त्या वर्षी तोटा साडेबारा अब्ज डॉलरहून जास्त होता. सुमारे साडेतेवीस अब्ज डॉलरचं कर्ज उभं करायला कारखाने तर गहाण पडलेच, पण निळ्या लंबगोलातलं ते 'फोर्ड' नावही गहाण टाकलं. पणजोबांचं नाव बँकेकडे. लाभांश बंद झाला, तो पुन्हा सुरू व्हायला २०१२ उजाडलं. त्या काळात चुलत भावंडांपैकी कुणाकुणाची चलबिचल झाली असेल, पण घराने साठा विकला नाही. २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दिवाळखोरीत गेल्या, फोर्ड गेली नाही. २०१२ मध्ये नाव सोडवून आणलं.

२०२१ मध्ये पाचव्या पिढीतले दोघे संचालक मंडळावर आले, बिलची मुलगी अलेक्झांड्रा आणि हेन्री दुसऱ्याचा नातू हेन्री तिसरा. मंडळावर बसणारी अलेक्झांड्रा ही घरातली पहिली बाई. एलेनॉरने घर वाचवलं त्याला तेव्हा पंचाहत्तर वर्षं उलटून गेली होती, हे माझ्या मनातून जात नाही. (त्याच वर्षी कंपनीने भारतातलं उत्पादन गुंडाळायचं ठरवलं. नव्वदच्या दशकात महिंद्रांबरोबर नाशिकला एस्कॉर्ट जोडली जायची, ती तुमच्या वडिलांना आठवत असेल. घराण्याच्या हातात मतं आहेत म्हणजे धंदा भावनेवर चालतो, असं समजू नका.)

आता तुमच्याकडे. क्लास बी सारखं काही आपल्याकडे करता येतं का? प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला येतं. आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या नियमावलीत, तशी तरतूद करून वेगवेगळ्या मतांचे शेअर काढता येतात, २०१५ पासून ही मोकळीक आहे. फाउंडेशनची युक्ती मात्र चालणार नाही. धर्मादाय न्यासाने पैसे कुठे गुंतवायचे ते आपला आयकर कायदा ठरवून देतो, आणि घरच्या कंपनीचे शेअर त्यात बसत नाहीत. खुद्द अमेरिकेनेही १९६९ च्या कायद्याने हे दार बरंचसं बंद केलं. आणि मुळात तुम्हाला त्याची गरज काय? आपल्याकडे मृत्युकर १९८५ मध्येच रद्द झाला. फोर्डांना ज्या दुखण्यासाठी हे औषध घ्यावं लागलं, ते दुखणंच तुम्हाला नाही.

बाकी बरंच काही तुमच्या परिस्थितीवर आहे. काकांचा हिस्सा किती, शेअर व्यक्तींच्या नावावर आहेत की एचयूएफच्या (हिंदू अविभक्त कुटुंबाच्या), आजोबांचं मृत्युपत्र होतं का, आत्या आहेत का आणि त्यांनी हक्कसोड दिलंय का. पाच भावंडांपैकी दोघं पुण्या-बंगळुरूला नोकरी करत असतील तर त्यांना मत नको, लाभांश हवा असतो. अशा घरात मी दोन प्रकारचे शेअर आनंदाने सुचवतो. पाचही जण फाउंड्रीतच असतील तर सुचवत नाही, कारण तिथे कमी मतांचा शेअर ज्याच्या वाट्याला येईल तो जन्मभर ते विसरत नाही. शेअर घरातल्याच माणसाला आधी विकायची अट मात्र सगळ्यांसाठी घाला. किंमत कशी काढायची हेही त्यातच लिहा, नाहीतर अट असून नसल्यासारखी.

पण हे सगळं पुढचं. आत्ता तुम्ही एडसेलच्या जागी आहात आणि मतं वाढवून त्या जागेवरून सुटका होत नाही. त्याच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त होती. माझ्याकडे येणाऱ्या घरांत मी आधी एकच करून घेतो. वडील आणि मुलगा समोरासमोर बसून एका पानावर लिहितात: इतक्या रकमेपर्यंतची खरेदी, या पातळीपर्यंतची नेमणूक, या गिऱ्हाइकांचे दर, हे मुलाचं, त्यावरचं दोघांचं. आणि मुलाच्या कक्षेतला निर्णय चुकला तरी वर्षभर वडिलांनी तो फिरवायचा नाही, भट्टी पाडायची नाही. मग घराबाहेरचा एक संचालक, ज्याला वडीलही मानतात आणि जो वडिलांना 'नाही' म्हणू शकतो. नातेवाईक नको, माझ्यासारखा फी घेणारा सल्लागारही नको. धंद्यातून निवृत्त झालेला एखादा गिऱ्हाईक चालतो. एका घरात हे पान लिहायला आम्हाला सात बैठका लागल्या. सहाव्या बैठकीत आई चहा घेऊन आली आणि तिथेच बसली. सातवीत पान पूर्ण झालं.

तेव्हा तुमच्या आईच्या नावावर किती शेअर आहेत ते रजिस्टरमध्ये बघा. आणि बँकेतलं सह्यांचं कार्ड शेवटचं कधी बदललं तेही शोधून कळवा. तुम्हाला एमडी केल्याचा ठराव बँकेला दिला होता की नाही, तेही त्यावरून कळेल.